चामड्याचे पंच : निवड, धार आणि घट्ट बसलेले गैरसमज

कमरेचा चामडी पट्टा सहसा मधोमध तुटत नाही, तो भोकाशी फाटतो. बकलचा काटा रोज ज्या भोकात अडकतो ते आधी लांबट होतं, मग त्याच्या कडेला बारीक चीर जाते, आणि एक दिवस दोन भोकं एकमेकांना मिळतात. चामडं कितीही चांगलं असलं तरी भोक पाडताना कड चिरडली गेली असेल, तर ही चीर लवकर जाते. कापडाला रफू करता येतं, पण चामड्यात चुकीचं पडलेलं भोक पुन्हा बुजत नाही. म्हणून या कामात पंच हे दुय्यम हत्यार नाही. तरीही हौसेने चर्मकाम शिकणारी मंडळी चामडं, धागा आणि रंग यांची बारकाईने निवड करतात आणि पंच मात्र दुकानात हाताला लागेल तो उचलतात. पुढे कामातली बरीचशी निराशा इथूनच येते, आणि तिच्यामागे काही ठरावीक गैरसमज असतात.

‘भोक पडत नसेल तर जोरात मारावं’

चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचं जाळं. पोकळ पंचाची गोल कड या तंतूंना सगळीकडून एकाच वेळी कापते आणि मधली चकती मोकळी करते. कड बोथट असली की तंतू कापले जाण्याआधी दाबले जातात, ताणले जातात आणि शेवटी तुटतात. अशा भोकाची मागची बाजू पाहावी. तिथे फुगवटा असतो, तंतू पिंजलेले असतात. हे जोर वाढवून सुधारत नाही, उलट बिघडतं, कारण घाव जितके जास्त तितका पंच उसळून जागेवरून हलण्याचा संभव जास्त.

धारदार पंचाला दोन ते तीन मिलिमीटर जाडीच्या चामड्यासाठी लाकडी किंवा नायलॉनच्या मोगरीचे एकदोन नेमके घाव पुरतात. लोखंडी हातोडी वापरूच नये. तिने पंचाचं डोकं हळूहळू छत्रीसारखं पसरतं, त्याच्या कडेच्या कपच्या उडू शकतात, आणि त्या डोळ्यात जाण्याचा धोका खरा आहे.

‘खाली लोखंड असलं की भोक स्वच्छ पडतं’

पादत्राणं दुरुस्त करणाऱ्या कारागिरापुढे लोखंडी ठोकळा असतो, तो पाहून हा समज झाला असावा. तो ठोकळा खिळ्यांसाठी असतो. तळव्यातून आरपार आलेलं खिळ्याचं टोक लोखंडावर आपटून दुमडतं आणि पायाला टोचत नाही. पंचाच्या कडेचंही तिथे नेमकं तेच होतं, ती दुमडते. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटाही याच कारणाने वर्ज्य.

पंचाखाली असं काही हवं, जे कडेला किंचित आत शिरू देईल. लाकडाचा ओंडका आडवा कापला की वरच्या बाजूला तंतूंची टोकं येतात. त्यावर मारलं तर कड तंतूंच्या मध्ये शिरते, आणि बाहेर निघाल्यावर लाकूड बरंचसं पूर्ववत होतं. फळीच्या सपाट बाजूवर मात्र तंतू आडवे कापले जातात आणि थोड्याच दिवसांत खड्डे पडतात. भाजी चिरायचा जाड प्लास्टिकचा पाटही चांगला चालतो. त्याच्याखाली दगडी लादी ठेवावी, म्हणजे घावाचा जोर टेबलाच्या डगमगण्यात वाया जात नाही.

‘धार आतून लावली तरी चालते’

हा गैरसमज मला सगळ्यांत नुकसानकारक वाटतो, कारण यात चांगला पंच कायमचा वाया जातो.

भोक पाडायच्या पंचाला उतार बाहेरच्या बाजूने असतो. त्यामुळे कापणारी कड नळीच्या आतल्या व्यासावर येते आणि कापलेली चकती न अडता वर सरकते. बहुतेक चांगल्या पंचांत नळीचा आतला व्यास कडेपाशी सर्वांत कमी असतो आणि वर जाताना किंचित वाढतो, म्हणजे चकत्या एकामागून एक वर चढतात आणि बाजूच्या खिडकीतून बाहेर पडतात. आतून कानस किंवा दगड फिरवून उतार केला तर कड बाहेरच्या व्यासावर जाते. भोक मोठं पडतं, आणि तेवढ्या मोठ्या चकतीला अरुंद नळीत शिरावं लागतं. ती तिथेच ठासून बसते. मग कुणी ती खिळ्याने उकरतं, आत ओरखडे पडतात आणि पुढची चकती आणखी घट्ट अडकते.

धार लावायची ती बाहेरून. आधी पंचाची कड उजेडाकडे धरून फिरवावी. खऱ्या धारेवरून उजेड परतत नाही. जिथे चमकणारी बारीक रेघ दिसते तिथे कड बोथट आहे, आणि जिथे ठिपका चमकतो तिथे खाच पडली आहे. खाच असेल तर पंच बारीक दगडावर उभा धरून कड सगळीकडे सारखी होईपर्यंत हलक्या हाताने फिरवावा. मग काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर पसरावा आणि बाहेरच्या उतारावर मार्कर पेनची शाई फासावी. उतार पेपरवर टेकवून पंच स्वतःकडे ओढावा आणि ओढतानाच बोटांत गोल फिरवावा. कड कायम मागे राहिली पाहिजे, ती पुढे रेटली तर पेपरात रुतते. दोनतीन वेळा ओढून शाई पाहावी. ती फक्त वर पुसली गेली असेल तर कोन चपटा धरला गेला आहे, फक्त कडेला पुसली गेली असेल तर पंच जास्त उभा धरला आहे. शाई सारखी जाऊ लागली की हाताला कोन कळला. मग आठशे, बाराशे, आणि हौस असेल तर दोन हजार.

आता आतली बाजू. बाहेरून घासताना पोलादाची केसाएवढी कंगोरी आत वळते. ती नखाला लागते. ती काढायला भोकाच्या मापाची गोल लाकडी काडी घ्यावी, तिला हिरव्या पॉलिशची वडी चोळावी आणि नळीत फिरवावी. काडी नळीला समांतर राहिली पाहिजे, तिरकी झाली की आत उतार पडू लागतो. शेवटी त्याच पॉलिशच्या चामडी पट्टीवर बाहेरचा उतार ओढून घ्यावा.

परीक्षा सोपी आहे. एक मिलिमीटरच्या चामड्याच्या तुकड्यावर पंच ठेवावा आणि हाताने दाबून पिळावा. मोगरीशिवाय चकती निघाली तर धार लागली.

‘ग्राइंडरवर दोन मिनिटांत काम होतं’

दोन मिनिटांत पंच बिघडतो, हेही तितकंच खरं. साध्या कार्बन पोलादाला पाणी देऊन कठीण केलेलं असतं आणि मग ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केलेला असतो. धारेचा कठीणपणा या तापमानावर ठरतो. ग्राइंडरच्या चाकावर पातळ कड क्षणात तापते आणि तिचा रंग बदलतो. सुमारे २२० ते २३० अंश सेल्सियसला गवती पिवळा, २६०च्या आसपास तपकिरी, २८०ला जांभळा, ३००च्या सुमारास निळा. निळा रंग दिसला म्हणजे तेवढा भाग मऊ पडला. त्यावर धार लागते, पण टिकत नाही, आणि निळा थर घासून काढल्याने गेलेला कठीणपणा परत येत नाही. मऊ भाग खालपर्यंत काढूनच टाकावा लागतो. कड फारच मोडली असेल तर ग्राइंडर वापरावा, पण दर काही सेकंदांनी पंच पाण्यात बुडवत.

‘एक पंच पक्कड घेतली की सगळं आलं’

फिरत्या चक्राच्या पकडीवर सहा नळ्या असतात, साधारण २ ते ४.५ मिलिमीटरच्या. पट्ट्याला एखादं जादा भोक पाडायला ती सोयीची. पण तिचा जबडा आखूड असल्याने पर्सच्या मधोमध ती पोहोचत नाही. जाड चामड्यावर जबडा तिरका उघडतो आणि नळी सरळ बसत नाही, म्हणून एका बाजूचे तंतू तसेच राहतात. नळीखाली पितळी टिकली असते ती मुद्दाम, कारण पितळ पोलादापेक्षा मऊ असतं आणि कड वाचते. ती झिजून खड्डा पडला की खाली चामड्याचा पातळ तुकडा घालावा. पातळ पट्ट्या, घड्याळाचे पट्टे यांना पक्कड ठीक आहे. साडेतीन मिलिमीटरच्या म्हशीच्या चामड्याला नाही.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात लाकडी पेटीतला गॅस्केट पंचांचा संच मिळतो. तो रबर आणि फायबरसाठी असतो, त्याची कड जाडसर असते. त्याने चामडं कापता येत नाही असं नाही, पण आधी वर सांगितल्याप्रमाणे बाहेरचा उतार लांब आणि पातळ करून घ्यावा लागतो. खरं तर नवा पंच, मग तो स्वस्त असो वा महाग, दुकानातून आणल्यावर एकदा तरी पॉलिश पेपरवर न्यावाच.

‘शिलाईलाही गोल पंच चालतो’

गोल पंच चामडं काढून टाकतो. शिलाईच्या रेषेत अशी भोकं जवळजवळ पाडली तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटण्याची सोय तयार होते. आरी चामडं काढत नाही. ती तंतू बाजूला सारते किंवा बारीक चिरते, आणि धागा ओढल्यावर तंतू त्याला पुन्हा मिठी मारतात. कोल्हापुरी पायताण परंपरेने खिळे न मारता चामड्याच्या वादीने शिवतात, आणि वादीसाठीची वाट आरीने करतात. तळव्यावर रोज माणसाचं वजन पडूनही ती शिलाई टिकते ती यामुळे. गोल पंच पायताणावर येतो तो पट्ट्यावरच्या नक्षीला, शिलाईला नव्हे.

युरोपातल्या खोगीरकामातही हाच विचार आहे. प्रिकिंग आयर्नचे तिरके दात फक्त खूण पाडण्यासाठी असतात, आरपार जाण्याचं काम चौकट आकाराच्या छेदाच्या आरीचं. ते दात आरपार ठोकले तर वाकतात. आरपार मारायचं हत्यार वेगळं, त्याला स्टिचिंग चिझल म्हणतात. फ्रेंच प्रिकिंग आयर्नवरचा नंबर म्हणजे मिलिमीटर नव्हेत. जुना फ्रेंच इंच २७.०७ मिलिमीटरचा होता, त्यात ८ टाके म्हणजे नंबर ८, आणि दोन टाक्यांमधलं अंतर ३.३८ मिलिमीटर. नंबर वाढला की टाका बारीक होतो.

‘पंच चामड्यातच गुंडाळून ठेवावेत’

दिसायला देखणं, पण पोलादाला वाईट. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं. पावसाळ्यात अशा गुंडाळीतल्या पंचांवर गंज धरतो. कापडी गुंडाळी किंवा लाकडी ठोकळ्यातली भोकं बरी. पंचाला मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा, आणि वापरण्याआधी तो पूर्ण पुसावा.

गंजाचा आणखी एक फटका आहे. ओल्या वनस्पती-कमावणीच्या चामड्याला लोखंडाचे कण लागले की काळेनिळे डाग पडतात. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांचा तो संयोग, हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळी शाई होते ती याच रसायनाने. म्हणून धार लावल्यावर पंच आतून-बाहेरून पुसल्याशिवाय भिजवलेल्या चामड्याला लावू नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने वीस पंचांचा स्वस्त संच घेऊ नये. त्यातले बरेचसे पेटीतच राहतात. तीन चांगले सुटे पंच घ्यावेत : घड्याळाच्या पट्ट्यांना २, रिव्हेटला ३, कमरेच्या पट्ट्याला ४ किंवा ५ मिलिमीटर. रिव्हेटची दांडी व्हर्नियरने मोजून त्याच मापाचा पंच निवडावा आणि आधी त्याच चामड्याच्या उरलेल्या तुकड्यावर भोक पाडून पाहावं, कारण जाड चामडं पंच काढल्यावर किंचित मिटतं. आणि घरात कुणाचे जुने, गंजलेले पंच पडले असतील तर भंगारात देण्याआधी त्यांची कड तपासा. आतली नळी शाबूत असेल, तर एका दुपारच्या घासण्यात ते पुन्हा कामाला येतात.