फ्यूजची तार आणि गावचा वायरमन

भोकरदन तालुक्यातील धावडा काय किंवा आसपासची गावे काय, भाव चढेपर्यंत कापूस पुष्कळदा घरातच पडून राहतो. अशा घरात फ्यूज वरचेवर उडू लागला की आम्ही गावच्या वायरमनला बोलावतो आणि वर सांगतो, ‘जरा जाड तार टाक!’

फ्यूजची बारीक तार आधी वितळते, म्हणून भिंतीतली तार वाचते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. जाड तारेपायी जळण्याची पाळी भिंतीतल्या तारेवर येते. मागून वायरमनला बोल कसला लावावयाचा? मागणी आमचीच! परवाना असलेला माणूस बोलवावा, फ्यूज का उडतो हे त्याला शोधावयास सांगावे, सैल जोड आवळून घ्यावेत आणि या शोधाचीही मजुरी घासाघीस न करता द्यावी. मीटरखालचा कापूस मात्र आपणच हलवावा.