मुलीचा पास बंद केल्याने रस्ता सुरक्षित होत नाही

पिंगळी हे परभणी-पूर्णा लोहमार्गावरचं गाव. परभणी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कॉलेज, क्लास, बाजार, दवाखाना सगळं तिकडेच. शहराकडे निघालेल्या मुलीला घरोघरी एकच ताकीद मिळते: दिवस मावळायच्या आत घरी ये.

दिवस मावळायच्या आत परतलं की धोका टळतो, हा पहिला गैरसमज. २५ फेब्रुवारी २०२५ ला पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात उभ्या शिवशाहीत तरुणीवर अत्याचार झाला, तो गाड्यांची ये-जा सुरू असताना, पहाटे. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते, की नोंद झालेल्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे उंबरठ्याच्या आत सगळं निर्धास्त आहे, हेही खरं नाही.

तरीही भीतीची किंमत मुलीच मोजतात. बसमध्ये कुणी त्रास दिला तर मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितलं की शिक्षण थांबतं आणि स्थळं बघायला सुरुवात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. गरिबी, हुंडा ही कारणं आहेतच. पण ‘पोरीचं काही बरंवाईट झालं तर?’ ही धास्तीही त्यात आहे. लग्न हा सुरक्षेचा उपाय नाही. त्याच सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे २९ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे.

‘नुसता मागे येतो, हात तर लावला नाही, मग तक्रार कसली?’ असंही म्हणतात. मुलीने नकार स्पष्ट केल्यावरही वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘घटना आमच्या हद्दीतली नाही’ हे पोलिसांचं उत्तरही ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. गुन्हा परभणीत घडो वा धावत्या गाडीत, जवळच्या ठाण्याने ती नोंदवून घ्यायची असते. मदतीसाठी फोन: रेल्वेत १३९, एरवी ११२.

बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. मुलीने त्रास सांगितला, तर आधी फोन उचला. तिचा पास मात्र बंद करू नका.