लोगो जागचा हलेना

लोगो केसभर डावीकडे न्यायचा असतो. माउसने ओढावा तर तो हलत नाही, आणि हललाच तर टुणकन उडी मारून भलतीकडे जाऊन बसतो. अशा वेळी माउस आपटणारे मी पुष्कळ पाहिलेत. माउस बिचारा निर्दोष असतो. स्लाइडखाली एक जाळी अंथरलेली असते आणि लोगो तिच्या रेषांना चिकटत असतो. याचंच नाव स्नॅप.

गोम अशी, की जाळी दिसणं आणि जाळीला चिकटणं यांच्या खुणा वेगवेगळ्या आहेत. पॉवरपॉइंटच्या व्ह्यू टॅबमध्ये ‘शो’ गटाच्या कोपऱ्यात इवलासा बाण असतो. तो दाबला की ‘ग्रिड अँड गाइड्स’ची चौकट उघडते. तिथे ‘स्नॅप ऑब्जेक्ट्स टू ग्रिड’वर खूण असेल, तर जाळी पडद्यावर नसतानाही तिची ओढ चालूच राहते. जाळीतलं अंतरही तिथेच बदलता येतं.

ही युक्ती पॉवरपॉइंटपेक्षा बरीच जुनी. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम मांडला. प्रकाशलेखणी रेषेच्या जवळ आली की ती रेषेवरच आहे, असं तो धरून चालायचा. १९८६ साली एरिक बिअर आणि मॉरीन स्टोन यांनी ‘स्नॅप-ड्रॅगिंग’ची पद्धत मांडली, तेव्हा या ओढीला त्यांनी चक्क गुरुत्वाकर्षण म्हटलं.

ही ओढ हाताला नेमकेपणा यावा यासाठीच असते, म्हणून स्नॅप कायमचं बंद करू नये असं माझं मत. विंडोजवर आल्ट दाबून ओढलं की ते तेवढ्यापुरतं गप्प बसतं. कंट्रोल धरून बाणाची कळ दाबली तर वस्तू अगदी बारीक पावलांनी सरकते. आणि चार चौकोनांत सारखी जागा सोडायची असेल, तर डोळ्यांवर विसंबू नका. चारही निवडा, अरेंजमधून अलाइन, त्यात डिस्ट्रिब्यूट. मात्र ‘अलाइन टू स्लाइड’वर खूण राहिली असेल, तर चौकोन स्लाइडभर पांगतील.

एवढं करूनही काही स्लाइड तिरप्या वाटतात. स्नॅपला दिसते ती चौकट, आतली अक्षरं नव्हे. टेक्स्ट बॉक्सच्या आत डाव्या बाजूला मुळातच पाव सेंटिमीटर जागा सोडलेली असते. त्यामुळे फोटो आणि मजकुराची चौकट बरोबर एका रेषेत येतात, अक्षरं मात्र आत सरकलेली दिसतात. मराठी शीर्षकाशेजारी इंग्रजी शब्द ठेवला की आणखी एक पंचाईत: आपली नजर शिरोरेषा धरते, आणि शिरोरेषा स्नॅपच्या गावीही नसते. तिथे आल्ट धरून हातानेच जुळवावं लागतं.

पाव सेंटिमीटरचा उपाय सोपा आहे. चौकटीवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट शेप’ उघडा आणि टेक्स्ट बॉक्सचं डावं मार्जिन शून्य करा.