तुकड्यांतली तबकडी

२०२५ च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेस विंडोज १० या प्रणालीस मिळणारे नियमित साहाय्य समाप्त झाले, आणि जे संगणक यंत्र म्हणून सर्वथा सुस्थितीत होते तेही केवळ एका तारखेच्या अंमलाने मुदतबाह्य गणले जाऊ लागले. नवा संगणक पाहावा, तर बहुधा त्यात तबकडी घालण्याचा कप्पाच नसतो. सॉफ्टवेअर विकत मागावे, तर मासिक भाड्याचा दर सांगितला जातो. आणि त्याची एक प्रत घरी ठेवण्याची इच्छा दर्शवावी, तर विक्रेत्यास त्या इच्छेचे प्रयोजनच आकळत नाही. एकेकाळी एक सीडी पदरात पाडून घेणे हा आमच्या नरखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अनेक रात्रींचा उद्योग होता, परंतु पदरात पडलेली सीडी निःसंशय आपल्या मालकीची असे. त्या काळाचा मागोवा घ्यावासा वाटला तो हा सल मनात घेऊनच.

आरंभीच्या वर्षांविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. तबकडीवरील रचनेचे आयएसओ ९६६० हे मानक १९८८ चे, तुकडे पाडून फाइली बांधणारे युजीन रोशाल यांचे रार १९९३ चे; १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत न मावणारे साहित्य वाहून नेण्यास तुकडे हवेच होते. २००० साली डेमन टूल्स आले आणि तबकडीची प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, खऱ्या सीडीप्रमाणे संगणकात माउंट होऊ लागली. आमच्या तालुक्यात या घडामोडींचा मागमूसही नव्हता; एमएस-सीआयटीच्या वर्गांमुळे संगणक डोळ्यांस दिसू लागला, इतकेच.

खरा काळ सुरू होतो तो २००५ च्या सुमारास. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदास २५६ किलोबिट या वेगास ब्रॉडबँड ही पदवी बहाल केली होती, आणि बीएसएनएलच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री २ ते सकाळी ८ या सहा तासांत कितीही डाउनलोड करण्याची मुभा असे. आता याचा हिशोब पाहावा. पूर्ण भरलेल्या ८० मिनिटांच्या सीडीत २०४८ बाइटांचे ३,६०,००० विभाग, म्हणजे सुमारे ७३ कोटी ७३ लक्ष बाइट असतात. आणि वरील वेगाने सहा तासांत, एकही क्षण वाया न जाता, उतरू शकतात फार तर ६९ कोटी १२ लक्ष. म्हणजे एक सीडी एका रात्रीत बसतच नसे. त्यात भारनियमन असे, आणि पहाटे पाचला वीज गेली की अखंड फाइलीचे सारे श्रम पुष्कळदा पाण्यात जात. तीच प्रतिमा दीड कोटी बाइटांच्या पन्नास तुकड्यांत बांधलेली असली, तर प्रत्येक तुकडा आठ मिनिटांच्या आत उतरे, आणि वीज गेली तर नुकसान त्या एका तुकड्यापुरतेच राही. तुकड्यांची ही प्रथा पुष्कळ अंशी चोरट्या प्रतींच्या बाजारात वाढली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यामुळे तिच्या उपयुक्ततेस बाध येत नाही.

तुकडे जमले की खरा प्रश्न उभा राही. ४० गिगाबाइटच्या हार्डडिस्कवर तुकडेही ठेवायचे, त्यांतून काढलेली आयएसओही ठेवायची आणि मग ती माउंट करायची, म्हणजे एकाच वस्तूस दुप्पट जागा द्यायची. यावरचा तोडगा म्हणजे काहीही न काढता, तुकडे जसेच्या तसे ठेवून, त्यांच्यातूनच प्रतिमा माउंट करणे. २००५ च्या ऑक्टोबरात लिनक्सच्या २.६.१४ या गाभ्यात, साध्या प्रोग्रामलाही स्वतःची फाइल-व्यवस्था माउंट करू देणारे फ्यूज आले, आणि पुढे रार२एफएससारख्या साधनांनी हे सुलभ केले. तहसील कचेरीतील अनुभवी कारकून सारे रुमाल सोडून एकत्र बांधीत नाही, सूची पाहून नेमका रुमाल काढतो व नेमके पान उघडतो. तद्वत येथे एक लाखावा विभाग मागितला की २०४८ ने गुणून बाइटाचा क्रमांक मिळतो, दीड कोटीने भागून चौदावा तुकडा मिळतो, आणि तेवढाच तुकडा वाचला जातो. डीव्हीडीच्या बाबतीत तर लाभ अधिकच, कारण फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ गिगाबाइटची फाइल राहू शकत नाही, आणि येथे ती अखंड फाइल कधी अस्तित्वातच येत नाही.

या सोयीस एकच अट होती: तुकडे न दाबता, नुसते साठवून बांधलेले हवेत. दाबलेल्या संचात मधला बाइट हवा असेल तर आरंभापासून सारे उलगडत यावे लागते. आयएसओतील बहुतांश सामग्री आधीच दाबलेली असल्याने पुन्हा दाबून जागा जवळजवळ वाचत नसे, तरीही निव्वळ सवयीने कमाल संकोचन निवडणाऱ्या मंडळींनी असंख्य संच या उपयोगास कायमचे मुकवले. त्यांना मी आजही क्षमा करू शकत नाही. आणि ‘आधी एक्स्ट्रॅक्ट करा, मग सीडी बर्न करा’ एवढेच शिकवून विद्यार्थ्यांस कोऱ्या सीडी विकणाऱ्या वर्गचालकांविषयीही माझे मत बदललेले नाही. अल्प साधनांत निर्वाह करण्याची विद्या शिकवण्याजोगी होती, आणि तीच त्यांनी वगळली.

पुढचे वेगाने घडले. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये आयएसओ माउंट करण्याची सोय अंगभूत आली, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, रात्रीच्या सहा तासांचे मोल संपले. आणि त्याबरोबरच वस्तू उतरवून स्वतःपाशी जतन करण्याची वृत्तीही ओसरली. ज्या तालुक्याने १९९१ च्या ३० जुलैस मोवाडचा महापूर पाहिला, त्यास एकाच ठिकाणी ठेवलेल्या कागदांचे काय होते हे सांगावे लागू नये. तरी आज आमची सारी कागदपत्रे, छायाचित्रे आणि साधने दूरच्या कुणा कंपनीच्या यंत्रांवर, तिच्या मर्जीवर व आमच्या मासिक भरण्यावर अवलंबून आहेत.

२०२३ पासून विंडोज ११ रार फाइल स्वतःच उघडते, म्हणून मोठा गाजावाजा झाला. तथापि तुकड्यांच्या पोटातील आयएसओ जागच्या जागी माउंट करण्याची तजवीज तीत नाही. अगोदर सारी प्रतिमा बाहेर काढावी लागते, आणि तिच्यासाठी दुप्पट जागा आजही द्यावी लागते.