काट्यावरची पाने

नामिबियाच्या कुरणांत माजणारी दुरंगी बाभूळ ही बाभूळ नव्हेच. ‘डायक्रोस्टॅकिस सिनेरिया’ हे शिंबी कुळातलेच, पण वेगळ्या प्रजातीचे झुडूप. ओळखताना मी आधी काटा पाहतो. बाभळीचे काटे म्हणजे रूपांतरित उपपर्णे. इथे आखूड फांदीच अणकुचीदार होते, म्हणून काट्यावर चक्क पाने फुटतात! फुलोरा खाली लोंबतो. त्यातली वरची गुलाबी फुले वांझ, नुसते लांब तंतू. शेंग धरते ती टोकाच्या पिवळ्या फुलांना. वेटोळ्या शेंगा गुरे आवडीने खातात, शेणातून बी पसरते. गवतासाठी झुडूप तोडावे, तर मुळांतून धुमारे फुटतात आणि चराई आणखी आक्रसते. दख्खनच्या माळावरही ते रानटी वाढते. तिथे भेटले की मी आधी भोवतालचे धुमारे मोजतो.