वाळवंटातल्या खडकांपाशी मुक्काम

थँक्सगिव्हिंगच्या सुटीत मुलांना घेऊन जोशुआ ट्रीला तंबूत राहायला जायचं, असं आपल्यातल्या चार-पाच घरांनी ठरवलंय. त्यांनी विचारलं, म्हणून आज त्याच तयारीबद्दल बोलते.

लॉस एंजेलिसहून गाडीनं अडीच-तीन तासांचं अंतर. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटं इथे एकमेकांना भेटतात. पॅसाडीनाच्या मिनर्व्हा हॉइट बाईंनी ही जागा जपण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. 1936 साली तिला सरकारी संरक्षण मिळालं आणि 1994 मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली.

पहिली गोष्ट पाण्याची. आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिथे नळ असेल ना?" मी म्हटलं, असेलच की! जंबो रॉक्स हा 124 जागांचा मोठा तळ, पण तिथे पाण्याचा थेंब मिळत नाही. संडास आहेत, तेही खड्ड्याचे. पाणी भरून घ्यायचं ते उद्यानात शिरण्याआधीच. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हे कमीत कमी. चालणार असाल तर दुप्पट. शिवाय भांडी आहेतच. म्हणून मी आता तिथे पिठलं-भाताच्या भानगडीत पडत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, फळं. हात पुसले की झालं. पेट्रोलही आत मिळत नाही.

तळाची जागा सहा महिने आधीपर्यंत राखून ठेवता येते, आणि सुटीच्या दिवसांत लवकर भरते. एका जागेवर सहाच माणसं, तीन तंबू आणि दोन गाड्या. चार घरांना एक जागा पुरणार नाही, हे आत्ताच हिशेबात धरा.

आता थंडी. वाळवंट म्हटलं की आपल्याला ऊन आठवतं, पण जंबो रॉक्स चार हजार फुटांहून उंचावर आहे. नोव्हेंबरअखेर दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि रात्री पाणी गोठू शकतं. तंबूत पांघरुणं जितकी वर, तितकीच अंगाखाली हवीत, कारण ऊब जमीनच ओढून घेते. शेकोटी ठरलेल्या लोखंडी चुलाण्यातच पेटवायची आणि लाकडं घरून न्यायची. तिथली काटकी उचलायलाही बंदी आहे.

खडकांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण माझा जीव तिथेच टांगणीला लागला होता. हा मोन्झोग्रॅनाइट. कित्येक कोटी वर्षांपूर्वी तापलेला रस जमिनीखालीच थंड होऊन तो घट्ट झाला. त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, भेगांतून पाणी झिरपलं, कोपरे झिजले आणि ठोकळ्यांचे गोल धोंडे झाले. वरची माती वाहून गेल्यावर ते कुणी रचून ठेवल्यासारखे उघडे पडले. या दगडाचा दाणा जाड, खरबरीत. चढताना बूट छान धरतात, म्हणून मुलं भराभर वर जातात. उतरताना पायाखालचं धरण दिसत नाही आणि सुटे झालेले कण घरंगळतात. माझा नऊ वर्षांचा भाचा असाच दोन पुरुष उंचीवर जाऊन बसला आणि रडायला लागला. सूर्य मावळत होता, फोनला रेंज नव्हती. शेजारच्या तंबूतल्या दोघा गिर्यारोहकांनी त्याला एकेक पाऊल कुठे ठेवायचं ते सांगत खाली आणलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: जिथून स्वतः उतरून दाखवता येईल, तेवढंच चढायचं. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असते, आणि अंधारापूर्वी सगळे तंबूपाशी.

चोया निवडुंगाचे काटे नुसता स्पर्श झाला तरी कपड्याला चिकटतात. हातानं ओढू नका. कंगवा अडकवून उपटा. म्हणून जुना कंगवा न्या. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नका, दूर डोंगरात पडलेला पाऊस तिथे लोंढा होऊन येतो.

फोन लागत नसल्यामुळे नकाशा घरीच उतरवून घ्या. कुठे उतरणार आणि किती वाजता परतणार, हे मागे राहिलेल्या कुणाला तरी लिहून द्या. आमच्याकडे तो कागद सासूबाईंच्या फ्रिजवर लावलेला असतो.