तडजोड कोठे लिहिली गेली? : वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीचा संसदीय प्रवास

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घटनादुरुस्तीची पद्धत अर्ध्या पानात संपते. अनुच्छेद ३६८, प्रत्येक सभागृहात विशेष बहुमत, काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमती आणि शेवटी राष्ट्रपतींची स्वाक्षरी. विद्यार्थी हे पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. परंतु एका सभागृहात बहुमत नसलेले सरकार अशी दुरुस्ती मंजूर कशी करून घेते, त्यासाठी काय सोडते आणि काय हातचे राखून ठेवते, हे त्या अर्ध्या पानात मावत नाही. वस्तू व सेवा कर, म्हणजे बोलण्यातला जीएसटी, ज्या दुरुस्तीने आला तिचा प्रवास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. विधेयकाचा क्रमांक १२२ आणि कायद्याचा १०१, यात विद्यार्थ्यांचा हमखास घोटाळा होतो. सादर झालेली सगळीच विधेयके मंजूर होत नाहीत, म्हणून हे दोन क्रमांक वेगळे पडतात.

या कराची कल्पना कोणा एका पक्षाची नव्हती. वाजपेयी सरकारच्या काळात, २००० साली, राज्यांच्या अर्थमंत्र्यांची समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारमधील असीम दासगुप्ता यांच्याकडे गेले. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी १ एप्रिल २०१० हे उद्दिष्ट जाहीर केले. ते हुकले. मार्च २०११ मध्ये प्रणव मुखर्जी यांनी ११५ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले, तेव्हा विरोधाचा सूर सर्वांत तीव्र होता तो गुजरात आणि मध्य प्रदेश या भाजपशासित राज्यांचा. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक व्यपगत झाले. त्याच वर्षी डिसेंबरात अरुण जेटली यांनी १२२ वे विधेयक मांडले, आणि आता शंका काढण्याची पाळी काँग्रेसची आली. बाके बदलली की मते बदलतात, असे म्हणून हा विषय हसण्यावारी नेता येईल. पण त्याने फारसे काही कळत नाही. उत्पादक राज्याचे हित आणि ग्राहक राज्याचे हित वेगळे असते आणि ते पक्षाला विचारून ठरत नाही. कर जेथे माल खपतो तेथे वसूल होणार असल्याने गुजरात, महाराष्ट्र, तामिळनाडू यांना तोट्याची धास्ती होती. बिहार आणि पश्चिम बंगाल यांना त्यात लाभ दिसत होता.

६ मे २०१५ रोजी लोकसभेने विधेयक ३५२ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर केले. काँग्रेसने सभात्याग केला होता. खरा अडसर पुढे होता. राज्यसभेत सत्ताधारी आघाडी अल्पमतात होती. साधे विधेयक दोन सभागृहांत अडले तर अनुच्छेद १०८ प्रमाणे संयुक्त बैठक बोलावता येते. १९६१, १९७८ आणि २००२ अशी तीन वेळा ती वाट वापरली गेली, आणि २००२ मध्ये दहशतवादविरोधी 'पोटा' कायदा याच मार्गाने मंजूर झाला. घटनादुरुस्तीला ही वाट बंद आहे. अनुच्छेद ३६८ प्रत्येक सभागृहाचा वेगळा कौल मागतो. काँग्रेसजवळ जी काही सौदाशक्ती होती ती या एका तरतुदीतून आलेली होती.

ती तिने तीन मागण्यांसाठी वापरली. उत्पादक राज्यांना दोन वर्षे मिळणारा एक टक्का अतिरिक्त कर काढावा, कराचा दर १८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा हे राज्यघटनेतच लिहावे, आणि केंद्र-राज्य वाद सोडवण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा असावी. राज्यसभेने मे २०१५ मध्ये विधेयक प्रवर समितीकडे पाठवले. जुलैत अहवाल आला, काँग्रेस सदस्यांची भिन्नमतपत्रिका जोडून. त्यानंतरचे पावसाळी अधिवेशन ललित मोदी आणि मध्य प्रदेशातील व्यापमं प्रकरणांच्या गदारोळात वाहून गेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सोनिया गांधी व मनमोहन सिंग यांना चहाला बोलावले. त्याची वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली, निष्पन्न मात्र काही झाले नाही.

कोंडी फुटली ती दोन बाजूंनी. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने एक टक्का कर काढण्याची शिफारस केली, आणि दर राज्यघटनेत घालणे इष्ट नसल्याचेही म्हटले. दोन्ही पक्षांना मान न झुकवता एकेक पाऊल मागे येण्याची सोय या अहवालाने केली. तज्ज्ञ समित्यांचा हा उपयोग पुस्तकात लिहिलेला नसतो. दुसरीकडे जेटलींनी काँग्रेसशी थेट घासाघीस करत बसण्याऐवजी राज्यांच्या अर्थमंत्र्यांना गाठले. जून २०१६ मध्ये कोलकात्याच्या बैठकीनंतर तामिळनाडू वगळता जवळपास सर्व राज्ये अनुकूल असल्याचे त्यांनी सांगितले. तृणमूल काँग्रेस, संयुक्त जनता दल यांसारखे केंद्रातील विरोधी पक्ष आपापल्या राज्याच्या हितापोटी विधेयकाच्या बाजूला आले, आणि अडवणुकीचा ठपका एकट्या काँग्रेसवर येण्याची चिन्हे दिसू लागली.

३ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेने विधेयक २०३ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले. अण्णाद्रमुकचे सदस्य बाहेर पडले होते. दुरुस्त मजकूर ८ ऑगस्टला लोकसभेनेही स्वीकारला, आणि निम्म्या राज्यांच्या संमतीनंतर ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. एक टक्का कर गेला. वादनिवारणाची यंत्रणा जीएसटी परिषद 'स्थापन करील' असे शब्द आले. १८ टक्क्यांची मर्यादा मात्र घटनेत आली नाही. दर परिषदेवर सोपवले गेले आणि परिषदेने सर्वांत वरचा टप्पा २८ टक्क्यांचा ठरवला. तो सप्टेंबर २०२५ पर्यंत टिकला. आणखी एक बदल त्या दिवशी फारसा गाजला नाही, पण पुढे तोच सर्वांत मोलाचा ठरला. राज्यांना भरपाई 'देता येईल' आणि ती पाच वर्षांपर्यंत असू शकेल, अशी मूळ शब्दयोजना होती. तिच्या जागी पाच वर्षे भरपाई देणे बंधनकारक करणारे शब्द आले.

त्याच चर्चेत चिदंबरम यांनी, जे दोनच महिन्यांपूर्वी महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून आले होते, आणखी एक मागणी लावून धरली. यानंतर येणारे जीएसटीचे प्रत्यक्ष कायदे धनविधेयक म्हणून आणू नयेत, असे आश्वासन त्यांना हवे होते. शंका निराधार नव्हती. मार्च २०१६ मध्ये आधार विधेयक धनविधेयक म्हणून आणले गेले होते. राज्यसभेने सुचवलेल्या पाच दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या आणि राज्यसभेला पुढे काही करता आले नाही. जेटलींनी तसे आश्वासन दिले नाही. मार्च २०१७ मध्ये चारही विधेयके धनविधेयके म्हणूनच आली. २९ मार्चला लोकसभेने ती मंजूर केली आणि ६ एप्रिलला राज्यसभेने ती कोणताही बदल न सुचवता परत पाठवली. आठ महिन्यांपूर्वी ज्या सभागृहाच्या मताशिवाय पाऊल पुढे पडत नव्हते, त्याला आता केवळ शिफारशीचा अधिकार उरला होता. पक्ष तेच होते आणि बलाबलही फारसे पालटले नव्हते. अनुच्छेद ३६८ ची जागा अनुच्छेद ११० ने घेतली होती, इतकेच. १ जुलै २०१७ पासून कर लागू झाला आणि मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके बंद पडले.

भरपाईच्या त्या शब्दाची कसोटी २०२० मध्ये लागली. कोविडच्या टाळेबंदीत करवसुली कोसळली. त्या ऑगस्टमध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ही 'देवाची करणी' असल्याचे म्हटले आणि राज्यांनीच कर्ज काढावे असे पर्याय पुढे ठेवले. केरळ, पंजाब, पश्चिम बंगाल आदी राज्यांनी घटनादुरुस्तीतील बंधनकारक शब्दांवर बोट ठेवले. अखेर केंद्राने स्वतः कर्ज उभारून ते राज्यांकडे वळवले, २०२०-२१ मध्ये १.१० लाख कोटी आणि पुढील वर्षी १.५९ लाख कोटी रुपये. त्याची फेड भरपाईसाठीच्या उपकरातून करण्याचे ठरले. राज्यसभेत ऑगस्ट २०१६ मध्ये बदललेल्या एका क्रियापदावर राज्यांचा हा सारा दावा उभा होता.